दिवे गेले, मासे कसे वाचतील?

30 जुलै 2012. पहाटेचे अडीच वाजून गेले आणि उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले. राजस्थानही अंधारात बुडाले. दुसऱ्या दिवशी भरदुपारी पुन्हा तेच! जयपूरच्या सीतापुऱ्यातले पंखे थांबले, तसे तिथल्या घरांतल्या मत्स्यपेट्यांतले बुडबुडेही थांबले असणार.

अशा वेळी माशांना खरा धोका अंधाराचा किंवा उपासाचा नसतो. तो असतो प्राणवायू कमी पडण्याचा. 20 अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. म्हणूनच उकाड्यात आणि दाटीच्या पेटीत संकट लवकर येते. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, की वेळ थोडा आहे असे समजावे.

वीज येईपर्यंत खाणे घालू नका. अधूनमधून मगभर पाणी काढून थोड्या उंचीवरून परत ओता. सेलवर चालणारा हवेचा पंप घरात असलेला बरा. कोणताही पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवा. नाहीतर तो थांबताच पाणी नळीतून उलटे येते. वीज बऱ्याच तासांनी आली, तर फिल्टरमध्ये साचलेले पाणी फेकून द्या, त्यातला स्पंज पेटीतल्याच पाण्याने बादलीत धुवा आणि मगच तो सुरू करा.

मासे हाक मारत नाहीत. बुडबुड्यांचा आवाज थांबला, की घरातल्या कुणीतरी उठायला हवे.