आधी नोंद, मग दावा : आयएनएस राजपूतची गोष्ट

आपल्या चाकूरहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी आज एका युद्धनौकेबद्दल लिहितोय, कारण पीएचडीची तयारी करणाऱ्यांना 'नोंद' आणि 'दावा' यातला फरक कळायला हे उदाहरण फार उपयोगी आहे.

आधी नोंदी बघू. ही विनाशिका स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला, जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत बांधली गेली. १९४२ मध्ये ती 'रॉदरहॅम' नावाने ब्रिटिश नौदलात दाखल झाली आणि महायुद्धात हिंदी महासागरातही होती. १९४९ मध्ये ती भारताकडे आली, नाव झालं 'राजपूत'. १९७६ मध्ये भंगारात गेली. इथपर्यंत भांडण नाही.

आता १९७१. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास विशाखापट्टणम बंदरातून निघताना पाणबुडीचा संशय आला आणि राजपूतने दोन डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले. थोड्या वेळाने प्रचंड स्फोट झाला. पुढे समुद्रतळाशी पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी सापडली.

ती बुडाली कशामुळे? भारतीय नौदल म्हणतं, राजपूतच्या माऱ्याने. पाकिस्तान म्हणतं, गाझीने स्वतः पेरलेल्या सुरुंगाने किंवा आतल्या स्फोटाने. आपल्याकडच्याही काही निवृत्त अधिकाऱ्यांनी राजपूतच्या श्रेयावर शंका घेतली आहे.

आता तुम्ही विचार करा. आधी बॉम्ब, नंतर स्फोट. पण आधी घडलं म्हणजे तेच कारण, असं होत नाही. मग पुरावा कोणता मागाल? सांगाड्याचा पत्रा बाहेर वाकला असेल, तर स्फोट आत झाला. आत वाकला असेल, तर बाहेरून. पण बाहेरून म्हणजे डेप्थ चार्ज की सुरुंग, हे त्यावरूनही ठरत नाही! एक पुरावा एक शक्यता कमी करतो, सगळा निकाल देत नाही. तुमच्या प्रयोगातही हेच होणार आहे.

अजून एक खड्डा. 'राजपूत' नावाची दुसरी विनाशिका १९८० ते २०२१ सेवेत होती. तिचा फोटो १९७१ च्या गोष्टीला चिकटवलेला दिसला, तर समजा, लिहिणाऱ्याने वर्ष तपासलं नाही.

म्हणून सिनॉप्सिस लिहायला बसलात की वहीत दोन रकाने पाडा : काय घडलं, आणि कोण काय म्हणतं. दुसऱ्यातलं वाक्य पुराव्याशिवाय पहिल्यात न्यायचं नाही. गाईडच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथेच सापडतील.