स्पेनमधील परदेशी रहिवासी आणि नगरपालिकेची नोंदवही

स्पेनमध्ये आठ हजारांहून अधिक नगरपालिका आहेत. त्यांतील काही लक्षावधी वस्तीच्या शहरांच्या, तर काही शंभर माणसेही नसलेल्या डोंगरी गावांच्या. मात्र यांपैकी प्रत्येकीजवळ गावात राहणाऱ्या माणसांची एक नोंदवही असते. तिला 'पाद्रोन' म्हणतात आणि तीत नाव घालण्याच्या क्रियेस 'एम्पाद्रोनामिएन्तो' असे लांबलचक नाव आहे. १९८५ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार स्पेनमध्ये राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने आपण जेथे वास्तव्य करतो तेथील पाद्रोनमध्ये नाव नोंदविणे बंधनकारक आहे. स्पॅनिश नागरिक आणि परदेशी, परवाना असलेला आणि नसलेला, असा भेद हे कलम करीत नाही.

वसई, मुंबई आणि गोवा येथील आपली माणसे आज युरोपच्या निरनिराळ्या देशांत आहेत. स्पेनमध्ये भारतीय म्हटले की कॅनरी बेटांवरील सिंधी व्यापारी आणि कातालोनियातील पंजाबी कामकरी प्रथम डोळ्यांपुढे येतात, परंतु शिक्षण, नोकरी आणि घरकाम यांनिमित्त जाणारे इतरही आहेत. त्यांच्यापैकी आणि इकडे त्यांची काळजी करणाऱ्या आप्तांपैकी अनेकांच्या मनात पाद्रोनविषयी दोन परस्परविरोधी समजुती आढळतात. पाद्रोनमध्ये नाव आले की देशात राहण्याचा परवाना मिळाला, ही एक; आणि हाती परवाना नसेल तर पाद्रोनच्या वाटेला जाऊ नये, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर फार महागात पडते.

प्रथम कागदांची ओळख करून घेऊ. परदेशी माणसाला स्पेनमध्ये जो ओळख-क्रमांक मिळतो तो 'निए'. बँक, कर, घरखरेदी या सर्वांसाठी तो लागतो, पण तो केवळ क्रमांक आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ राहण्याची अनुमती मिळालेल्या, युरोपीय संघाबाहेरील व्यक्तीला बोटांचे ठसे देऊन जे ओळखपत्र घ्यावे लागते ते 'तिए'. त्यासाठी एका महिन्याच्या आत अर्ज करावयाचा असतो. हे दोन्ही पोलीस आणि परकीय नागरिक विभागाकडचे व्यवहार. पाद्रोन मात्र नगरपालिकेचा विषय आहे. नोंदणीला शुल्क नाही. पारपत्र आणि राहत्या घराचा पुरावा दाखविला की नाव चढते. ही नोंद म्हणजे कायदेशीर वास्तव्याचा पुरावा नव्हे, असे कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे. अमुक माणूस अमुक दिवसापासून अमुक घरात राहतो, एवढेच ती सांगते.

परंतु या 'एवढ्याच'ची किंमत स्पेनमध्ये वेळोवेळी दिसून आली आहे. २००५ साली तेथील सरकारने कागदपत्रांविना काम करणाऱ्या परदेशी लोकांचे मोठे नियमितीकरण केले. ७ फेब्रुवारी ते ७ मे या तीन महिन्यांत सुमारे सात लाख अर्ज आले. त्यासाठी एक अट अशी होती की अर्जदाराचे नाव ८ ऑगस्ट २००४ पूर्वी पाद्रोनमध्ये असले पाहिजे. कित्येक जण वर्षानुवर्षे स्पेनमध्ये राबत होते, पण भीतीपोटी किंवा घरमालकाने नकार दिल्यामुळे त्यांनी नाव घातले नव्हते. मालक अर्ज करण्यास राजी, काम चालू, आणि तरीही वहीत नाव नाही म्हणून दार बंद! अखेर एप्रिलमध्ये सरकारला अट सैल करून आरोग्यपत्रिका, शाळाप्रवेश अशा अन्य सरकारी कागदांवरून नोंद भरून काढण्याची मुभा द्यावी लागली.

वीस वर्षांनंतर व्हॅलेन्सियात हेच पुन्हा दिसले. २९ ऑक्टोबर २०२४ च्या महापुरात पाइपोर्ता, कातारोजा आणि आसपासची गावे चिखलात बुडाली, दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या पट्ट्यात शेती, गोदामे आणि घरकाम यांवर पोट भरणारे असंख्य परदेशी होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने पूरग्रस्त परदेशीयांना एक वर्षाचा वास्तव्य आणि कामाचा परवाना देण्याचे ठरविले. सुमारे २५ हजार लोकांना त्याचा लाभ होईल असा अंदाज होता. लाभाची कसोटी होती ती बाधित गावाच्या पाद्रोनमध्ये आपत्तीच्या वेळी नाव असण्याची. घर वाहून गेले होते, भाडेकरार भिजून गेला होता, नोंदवहीतील ओळ तेवढी उरली होती.

नित्याच्या जीवनातही तिचे काम पडते. सहा ते सोळा वर्षांच्या मुलांना शाळेत जाण्याचा हक्क परवान्यावर अवलंबून नाही, पण कोणत्या शाळेत हे ठरताना पत्ता पाहिला जातो. वैद्यकीय सेवेचा इतिहास अधिक कटू आहे. २०१२ मध्ये एका अध्यादेशाने कागदपत्रे नसलेल्या प्रौढांची आरोग्यपत्रिका काढून घेतली, २०१८ च्या जुलैमध्ये दुसऱ्या अध्यादेशाने तो हक्क परत दिला. त्यानुसार नव्वद दिवसांहून अधिक काळ राहिल्याचे दाखविण्यासाठी सर्वांत सोपा कागद म्हणजे पाद्रोनचा दाखला. कोणता कागद चालेल हे मात्र स्वायत्त प्रांतागणिक बदलते, म्हणून स्थानिक आरोग्यकेंद्रात विचारून घेणे बरे.

आणि शेवटी 'अराइगो'. या शब्दाचा अर्थ मुळे धरणे. परवाना नसताना ठरावीक काळ स्पेनमध्ये राहिलेल्या आणि तेथे रुजलेल्या माणसाला परवाना मिळण्याची ही वाट आहे. पूर्वी तिच्यासाठी बहुधा तीन वर्षांचे वास्तव्य लागे. २० मे २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या नियमावलीने ते दोन वर्षांवर आणले आणि तिचे पाच प्रकार केले. एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे: आश्रयासाठी केलेला अर्ज विचाराधीन असतानाचा काळ या दोन वर्षांत धरला जात नाही. दोन वर्षे राहिल्याचे अन्य पुराव्यांनीही सिद्ध करता येते, पण प्रवासाची तिकिटे आणि औषधांच्या चिठ्ठ्या जुळवीत बसण्यापेक्षा नोंदवहीतील पहिली तारीख बोलकी असते.

मग लोक नाव का घालत नाहीत? बहुतेक वेळा उत्तर घरमालकाच्या दाराशी सापडते. माद्रिद आणि बार्सिलोना येथे भाडी इतकी चढली आहेत की कामकरी माणूस घर नव्हे, खोली घेतो, कधी खोलीतील एक खाट. करार तोंडी असतो. 'राहा, पण येथे नाव नोंदवावयाचे नाही' अशी अटच घातली जाते. भाडेकरूने पाद्रोनमध्ये नाव घातले तर त्याला घरावर हक्क मिळेल, अशी मालकाला धास्ती असते. ती निराधार आहे. पाद्रोनमुळे मालकी किंवा भाडेकरूचा कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. न सांगितलेल्या भाड्यावर कर भरावा लागेल ही दुसरी धास्ती मात्र खरी असते. आणि तिची दया करावी असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. वृद्धांची शुश्रूषा करण्यासाठी त्यांच्याच घरी राहणाऱ्या परदेशी स्त्रियांची स्थिती सर्वांत नाजूक. चोवीस तास ज्या घरात त्या वावरतात, त्या घराचा पत्ता वापरण्याची परवानगी त्यांना नसते.

कायदा येथे भाडेकरूच्या बाजूस झुकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. फेब्रुवारी २०२० मध्ये नगरपालिकांना दिलेल्या सविस्तर सूचनांप्रमाणे नोंदवहीचा हेतू माणूस खरोखर कोठे राहतो हे टिपण्याचा आहे. मालक आणि भाडेकरू यांच्यातील तंटा सोडविणे हे नगरपालिकेचे काम नव्हे. भाडेकरार हा एक पुरावा, एकमेव नव्हे. करार नसल्यास नगरपालिकेचा कर्मचारी किंवा स्थानिक पोलीस येऊन प्रत्यक्ष वास्तव्य पाहू शकतो. झोपडी, गाडी, इतकेच काय, उघडा रस्ता हाही पत्ता ठरू शकतो. ज्याला छप्परच नाही त्याची नोंद समाजसेवा विभागाच्या मदतीने होते. प्रत्यक्षात खिडकीमागचा कर्मचारी 'करार आणा' म्हणून परत पाठवितो. अशा वेळी तोंडी नकार घेऊन घरी येऊ नये. अर्ज लेखी द्यावा, त्यावर पोचशिक्का घ्यावा आणि निर्णयही लेखी मागावा.

नगरपालिकेनेच हात झटकल्याचा प्रसंग २०१० च्या जानेवारीत गाजला होता. कातालोनियातील विक या प्राचीन धर्मप्रांतीय नगरीच्या पालिकेने परवाना नसलेल्या परदेशीयांची नोंद बंद करण्याचे जाहीर केले. सरकारी विधी विभागाने ते कायद्याविरुद्ध असल्याचे मत देताच पालिकेला माघार घ्यावी लागली. या अडवणुकीमुळेच पाद्रोनचा काळा बाजार फोफावला आहे. पैसे घेऊन पत्ता 'देणारे' भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे. एकाच घरात वीस नावे दिसली की पालिका तपास करून ती काढून टाकते. मग पैसे गेले, तारीखही गेली, अशी गत होते.

पोलिसांचे भय उरतेच. ते अगदीच खोटे आहे असे म्हणता येणार नाही. २००३ च्या एका कायद्याने परदेशीयांच्या पाद्रोनमधील माहिती पाहण्याची मुभा पोलिसांना दिली. २०१३ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने ती तरतूद कायम ठेवली, पण सरसकट चाळणी न करता विशिष्ट प्रकरणापुरती आणि कारणासह, अशी मर्यादा घातली. ज्या संस्था स्थलांतरितांबरोबर काम करतात त्या धोका आणि लाभ तोलून नाव घालण्याचाच सल्ला देतात, आणि वर सांगितलेले प्रसंग पाहता तो रास्त वाटतो.

नोंद झाल्यावर सर्वांत अधिक घात करणारी गोष्ट म्हणजे तिची मुदत. युरोपीय संघाबाहेरच्या आणि दीर्घकालीन वास्तव्याचा परवाना नसलेल्या व्यक्तीने दर दोन वर्षांनी नोंदीचे नूतनीकरण करावयाचे असते. न केल्यास नाव गळते, तेही त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकून न घेता; कायद्याने तशी सूट पालिकेला दिली आहे. स्मरणपत्र जुन्या पत्त्यावर गेले आणि माणूस तोवर दुसऱ्या खोलीत गेला, की अराइगोसाठी जपलेल्या काळात खंड पडतो. घर बदलताच त्याच आठवड्यात नव्या पत्त्याची नोंद करावी, आणि दोन वर्षांची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवावी.

या कामी धर्मग्रामांचा उपयोग होतो. १९४७ पासून कार्यरत असलेल्या स्पेनमधील कारितासची मदतकेंद्रे अनेक धर्मग्रामांत आहेत. तेथे अर्ज भरून देणारे स्वयंसेवक भेटतात आणि धर्म विचारला जात नाही. नवे नियमितीकरण व्हावे या मागणीसाठी सहा लाखांहून अधिक सह्या जमविणाऱ्या मोहिमेला कारितासचा आणि धर्मसंघांचा पाठिंबा होता. ९ एप्रिल २०२४ रोजी संसदेने ३१० विरुद्ध ३३ मतांनी ती मागणी चर्चेसाठी स्वीकारली आणि मग ती तेथेच अडकून पडली. जानेवारी २०२६ मध्ये मंत्रिमंडळाने राजाज्ञेच्या मार्गाने पाऊल उचलले. ३१ डिसेंबर २०२५ पूर्वी स्पेनमध्ये असलेल्या आणि किमान पाच महिने सलग राहिल्याचे दाखवू शकणाऱ्यांसाठी ती योजना होती. या वेळी पाद्रोन हा अनेक ग्राह्य पुराव्यांपैकी एक ठेवण्यात आला. २००५ चा धडा कोणी तरी ध्यानात ठेवला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

आता इकडून न्यावयाच्या कागदांविषयी. बाप्तिस्म्याचा दाखला हा चर्चमधील विवाहासाठी मोलाचा, पण स्पॅनिश कार्यालयांना हवा असतो तो नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, 'अपोस्टिल' शिक्क्यासह आणि अधिकृत भाषांतरकाराने केलेल्या स्पॅनिश अनुवादासह. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. हा शिक्का परराष्ट्र मंत्रालयाचा असतो आणि त्यापूर्वी राज्य शासनाचे साक्षांकन लागते, म्हणून निघण्याआधी दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत.

नावांचा घोळ वेगळाच. स्पॅनिश माणसाला दोन आडनावे असतात, पहिले वडिलांचे, दुसरे आईचे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी पद्धत. खिडकीवरील कर्मचारी मधले वडिलांचे नाव हे पहिले आडनाव समजून बसतो आणि पाद्रोनवर एक माणूस, ओळखपत्रावर दुसरा, असा प्रकार होतो. दाखला हाती येताच तेथल्या तेथे पारपत्राशी अक्षरनक्षर ताडून पाहावे. 'डिसोजा' आणि 'डिसोझा' यांतला फरक आपल्याला क्षुल्लक, संगणकाला नाही.

पोर्तुगीज राष्ट्रीयत्व मिळालेल्या गोमंतकीयांची वाट निराळी आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून त्यांना तेथे पूर्वीसारखे मुक्तद्वार उरले नाही, स्पेनमध्ये मात्र ते युरोपीय नागरिक म्हणून राहू शकतात. तीन महिन्यांहून अधिक राहावयाचे असल्यास त्यांनी परकीय नागरिक विभागात नोंद करून हिरव्या रंगाचे प्रमाणपत्र घ्यावे. त्यासाठी नोकरी किंवा पुरेसे उत्पन्न आणि आरोग्यविमा दाखवावा लागतो. पाद्रोनमधील नोंद याखेरीज, नगरपालिकेत. त्या नोंदीच्या वेळी इच्छा दर्शविल्यास मे २०२७ च्या नगरपालिका निवडणुकीत त्यांना मतदानही करता येईल. भारतीय पारपत्रधारकांना तो हक्क नाही, कारण भारताचा स्पेनशी तसा करार नाही.

पाद्रोनचा दाखला दोन प्रकारचा मिळतो. 'व्होलांते' हा साधा, रोजच्या कामाचा. 'सेर्तिफिकादो' हा सही-शिक्क्याचा, न्यायालय किंवा वकिलातीसाठी. बहुतेक कार्यालये तीन महिन्यांपेक्षा जुना दाखला घेत नाहीत, त्यामुळे एकदम पाच प्रती काढून ठेवण्यात अर्थ नाही. अनेक शहरांत राहून झालेल्याने मात्र प्रत्येक नगरपालिकेतून आपल्या तेथील संपूर्ण काळाचा 'ऐतिहासिक' दाखला मागून घ्यावा. एका नगरपालिकेला दुसरीकडच्या तारखांचा दाखला देता येत नाही.