मध्यम आकाराच्या फिल्म कॅमेऱ्यातील समीप छायाचित्रण : साहाय्यक साधने व त्यांच्या मर्यादा

निगेटिव्ह जितके मोठे तितका तपशील अधिक, ही छायाचित्रणातील सर्वमान्य धारणा आहे. १२० फिल्मवरील ६×६ सें.मी. या नावाने ओळखली जाणारी चौकट प्रत्यक्षात सुमारे ५६×५६ मि.मी. असते व ३५ मि.मी. फिल्मवरील २४×३६ मि.मी. चौकटीच्या तुलनेत तिचे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक भरते. वस्तू अगदी जवळून टिपावयाची असता मात्र हाच गुण महाग पडतो. प्रस्तुत लेखात समीप छायाचित्रणाच्या साधनांचा विचार या दृष्टीने केला आहे.

आठ सें.मी. व्यासाचे एखादे फूल चौकटभर घ्यावयाचे आहे, असे समजू. ३५ मि.मी. कॅमेऱ्यात २४ मि.मी. बाजूत ते बसविण्यास ०.३ पट विशालन पुरते. ६×६ मध्ये ०.७ पट लागते. भिंग फिल्मपासून दूर सरकविल्याने प्रकाश विरळ होतो आणि एक्सपोजर स्थूलमानाने (१ + विशालन) या संख्येच्या वर्गाइतके वाढवावे लागते. म्हणजे पहिल्या कॅमेऱ्यात सुमारे १.७ पट, तर दुसऱ्यात २.९ पट, अर्थात जवळजवळ दीड स्टॉप. स्पष्टतेच्या खोलीचीही तीच गत. एफ/१६ वर ती पहिल्यात सुमारे १४ मि.मी., तर दुसऱ्यात जेमतेम ७ मि.मी. राहते. छिद्र आणखी लहान करावे तर वेळ वाढतो आणि विवर्तनाने प्रतिमा मऊ पडू लागते.

हॅसलब्लाडच्या ८० मि.मी. भिंगाला स्वतःच्या बळावर ०.९ मीटरपर्यंतच जवळ जाता येते व त्या अंतरावर सुमारे अर्धा मीटर रुंदीचे दृश्य चौकटीत येते. पुढील मजल एक्स्टेन्शन ट्यूबने गाठावी लागते. ट्यूब म्हणजे आत काच नसलेली पोकळ नळी. ८, १६, ३२ व ५६ मि.मी. अशा लांबीत ती मिळे. भिंग अनंतावर ठेवले असता ट्यूबची लांबी भागिले नाभीय अंतर हे विशालन होय. त्यामुळे ५६ मि.मी.ची ट्यूब वरील फुलासाठी नेमकी पुरते. भात्याने हेच काम अखंडपणे साधते. पण तिपाईशिवाय तो निरुपयोगीच म्हणावा लागेल.

भिंगापुढे लावावयाच्या क्लोज-अप काचेने प्रकाश जवळजवळ घटत नाही. दोन डायॉप्टरची काच अनंतावर ठेवलेल्या भिंगाला अर्ध्या मीटरवर आणते. विशालन मात्र ०.१६ एवढेच मिळते. शक्ती वाढवावी तसे साध्या काचेचे दोष कडांकडे दिसू लागतात. हस्तलिखितासारखा सपाट विषय असेल तर ही तडजोड खटकते, फुलाच्या बाबतीत ती बहुधा चालून जाते.

दुहेरी भिंगाच्या कॅमेऱ्यात आणखी एक अडचण उद्भवते. पाहण्याचे भिंग वर व टिपण्याचे खाली, त्यामुळे जवळच्या वस्तूची चौकट सरकते. रोलायफ्लेक्सच्या रोलायनार संचात वरच्या भिंगासाठी लोलकासारखी तिरपी काच देऊन हा फरक भरून काढला आहे. मामिया सी मालिकेत भाता मूळ कॅमेऱ्यातच असतो आणि पॅरामेंडर नावाचा तिपाईवरील उचलक टिपण्याचे भिंग पाहण्याच्या भिंगाच्या जागी नेमके आणतो. उपाय साधा आहे, पण हलणाऱ्या विषयाला निरुपयोगी.

१२० फिल्मच्या एका रोलवर ६×६ चे बाराच फोटो निघतात आणि चूक कळते ती फिल्म धुतल्यानंतर. हातातील प्रकाशमापकाला ट्यूब लावल्याचे ठाऊक नसते. त्याच्या वाचनात वाढ स्वतः करावी लागते. वेळ काही सेकंदांवर गेल्यास फिल्मची संवेदनशीलता घटते, म्हणून उत्पादकाच्या तक्त्यानुसार आणखी भर घालणे इष्ट. १९५७ साली आलेल्या हॅसलब्लाड ५०० सी व त्याच्या वंशातील कॅमेऱ्यांत शटर भिंगातच असल्याने ट्यूबमधून एक फिरता दांडा जातो. यास्तव ट्यूब आधी कॅमेऱ्यास व मग भिंग ट्यूबला जोडावे. काढताना भिंग प्रथम आणि ट्यूब नंतर. क्रम चुकल्यास यंत्रणा अडकून बसते. या मालिकेचे उत्पादन २०१३ मध्ये थांबले असल्याने असा बिघाड दुरुस्त करणारा कारागीर शोधणे हेच मोठे काम होऊन बसते.