पहिले पान

संकेतस्थळ म्हटले की अभियंते, मोठी कार्यालये आणि भरमसाट खर्च यांचे चित्र सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. बँका, वृत्तपत्रे, रेल्वे यांची जी स्थळे तो नित्य पाहतो, त्यांच्यामागे खरोखरच शेकडो माणसांचे श्रम असतात; तेव्हा ही समजूत अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि त्या पसाऱ्याचा आणि घरगुती संकेतस्थळाचा संबंध राजवाडा आणि झोपडी यांच्याइतकाच आहे. संकेतस्थळ म्हणजे मुळात साध्या अक्षरांची एक फाईल होय, आणि ती लिहावयास संगणकाबरोबर मिळणारे नोटपॅड पुरते.

याची साक्ष इतिहासच देतो. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत काम करणारे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये या जाळ्याची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ लोकांपुढे ठेवले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले. त्या पहिल्या स्थळाची १९९२ मधील प्रत २०१३ साली मूळ पत्त्यावर पुन्हा मांडण्यात आली. तीत चित्र नाही, रंग नाही. शब्द आहेत, आणि एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणारे दुवे आहेत. आजच्या ब्राउझरलाही ती वाचताना अडचण पडत नाही. उलट फ्लॅश या तंत्रावर उभारलेली झगमगीत स्थळे ते तंत्र २०२० च्या अखेरीस बंद होताच निकामी झाली. नवशिक्याने साधेपणाची लाज बाळगू नये, याला हे एवढे कारण पुरेसे आहे.

समजा, इंदूरला तीन पिढ्या राहिलेल्या एका मराठी घरातील सुनेला सासूबाईंच्या वहीतील पाककृती जतन करावयाच्या आहेत. वही एकच आहे आणि तिची शाई फिकी पडत चालली आहे. अशा वेळी साऱ्या वहीचा आराखडा मांडीत बसू नये. भुट्ट्याचा कीस ही एकच कृती घ्यावी आणि तिचे पान करावे.

मजकूर नेहमीप्रमाणे लिहावयाचा आणि त्यातील कोणता भाग काय आहे हे खुणांनी सांगावयाचे, एवढेच एचटीएमएल या लेखनपद्धतीचे रहस्य. खूण म्हणजे कोनाकृती कंसांत घातलेली रोमन अक्षरे. ‘एच’ आणि त्यापुढे एकचा आकडा म्हणजे मुख्य मथळा, ‘पी’ म्हणजे परिच्छेद, ‘एल-आय’ म्हणजे यादीतील एक बाब. भाग संपला की तीच खूण, आत एक तिरपी रेघ घालून, पुन्हा लिहावयाची. दहाबारा खुणांत घरगुती पान पुरे होते. फाईलीला ‘इंडेक्स’ हे नाव व त्यापुढे टिंब देऊन एचटीएमएल हे शेपूट लावले आणि ती ब्राउझरमध्ये उघडली, की पान दिसू लागते. येथवर इंटरनेटचीही गरज पडत नाही. रंग आणि टंक यांची सजावट सीएसएस नावाच्या वेगळ्या लेखनाने करतात. तिची घाई नको.

मराठी लिहिणाराने मात्र एका ओळीचा विसर पडू देऊ नये. संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. युनिकोड या संकेतावलीत ‘क’चा क्रमांक २३२५ आहे आणि यूटीएफ-८ या पद्धतीने देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते. ‘मराठी’ या शब्दात काने-वेलांट्या धरून पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. पानाच्या आरंभी ‘हा मजकूर यूटीएफ-८ आहे’ असे सांगणारी ओळ नसेल, तर ब्राउझर त्या प्रत्येक बाइटास स्वतंत्र अक्षर समजण्याचा संभव असतो. मग पाच चिन्हांच्या जागी पंधरा घरांची अर्थहीन रांग दिसते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी याहून मोठा घोटाळा होता. रोमन अक्षरांचे क्रमांक घेऊन त्यांवर देवनागरी आकृत्या चढविलेले टंक त्या काळी मराठी स्थळे वापरीत. तो टंक वाचकाकडे नसला की ‘क’च्या जागी भलतेच रोमन अक्षर दिसे, आणि शोधयंत्रांस तर त्या मजकुराचा पत्ताच लागत नसे. तशा टंकात लिहिलेला जुना मजकूर कोणाजवळ असल्यास तो प्रथम युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. ओळींतील अंतरही रोमन लिपीपेक्षा थोडे अधिक ठेवणे बरे. मात्रा आणि उकार एकमेकांस भिडले की वाचणाऱ्याचे डोळे शिणतात.

चित्र घालताना नवशिका हमखास फसतो. छायाचित्राचा मार्ग म्हणून तो स्वतःच्या संगणकातील जागा लिहितो. त्याच्या पडद्यावर चित्र उत्तम दिसते, जगाला मात्र रिकामी चौकट दिसते. छायाचित्र पानाच्याच फोल्डरमध्ये ठेवावे, त्याचे नाव लहान रोमन अक्षरांत व मोकळी जागा न सोडता द्यावे. पुष्कळ सर्व्हर मोठे आणि लहान अक्षर निरनिराळे मानतात. मोबाईलवर काढलेले छायाचित्र कित्येकदा तीन-चार मेगाबाइटांचे असते, तर पाच हजार चिन्हांचा मराठी लेख अवघ्या पंधरा किलोबाइटांत मावतो. तेव्हा चित्र लहान करून घेणे हा वाचकाविषयीचा शिष्टाचार होय.

यानंतर पानाला जागा हवी. अहोरात्र चालणारा व जाळ्यास जोडलेला संगणक, म्हणजेच सर्व्हर, ही ती जागा. साध्या पानांना ती विनामूल्यही मिळते. गिटहबने २००८ मध्ये अशी सोय सुरू केली. परंतु दुसऱ्याच्या ओसरीवर किती भिस्त ठेवावी, हे आधीच ठरविलेले असावे. १९९४ साली निघालेल्या जिओसिटीजवर हौशी लोकांनी लक्षावधी पाने थाटली होती. १९९९ मध्ये याहूने ती संस्था विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये तिची अमेरिकेतील सेवा बंद केली. काही भाग स्वयंसेवकांनी धडपडून वाचविला. भारतात अतोनात लोकप्रिय झालेले ऑर्कुटही सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस मिटले. ज्याच्या फाईलींची प्रत घरी असते, त्याला असा प्रसंग आला तरी दुसऱ्या सर्व्हरवर तीच पाने मांडता येतात.

पत्ता कायम राहावा म्हणून स्वतःचे डोमेन घेणे इष्ट. ‘डॉट इन’ या भारतीय पत्त्यांची व्यवस्था २००५ पासून निक्सी ही संस्था पाहते. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळते. मात्र देवनागरी पत्ता काही ठिकाणी अजून स्वीकारला जात नाही, म्हणून आरंभी रोमन पत्ता सोयीचा. त्याचे शुल्क मुदतीत भरले नाही, तर तो पत्ता पुढे दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ शकतो. नोंदणी स्वतःच्या नावे आणि स्वतःच्या ई-मेलवर करावी. मदतीला आलेला भाचा कितीही हुशार असला तरी त्याच्या नावे नव्हे. पानावर घरचा पत्ता व दूरध्वनी देऊ नये, लेखनाची तारीख अवश्य द्यावी. ‘काम चालू आहे’ अशी पाटी तर मुळीच लावू नये. एक कृती नीट लिहिली असेल तर ते पान पुरेच आहे.

पान चढविल्यावर ते स्वतःच्या पडद्यावर पाहून समाधान मानता कामा नये. परगावच्या नातेवाइकास पत्ता कळवावा. त्याच्या मोबाईलवर अक्षरे नीट उमटतात का, चित्र दिसते का, ओळी फार बारीक तर होत नाहीत ना, हे विचारून घ्यावे. त्याच्याकडून होकार आला की वहीतील पुढच्या कृतीस हात घालण्यास हरकत नाही.