दिवाणखान्यातला समुद्र

मुंबईकराला समुद्राचे अप्रूप ते काय, असे म्हणणाऱ्यांनी एकदा तो आपल्या दिवाणखान्यात आणून पाहावा! तिन्ही बाजूंना फुकट पसरलेली ही वस्तू दीडशे लिटरच्या काचेच्या पेटीत मांडायची, तर घरातल्या प्रत्येकाची परीक्षा होते. आमची यंदा झाली.

हट्ट आमच्या बारा वर्षांच्या चिरंजिवांचा. गोड्या पाण्यातले गप्पी त्याने दोन वर्षे नीट सांभाळले होते, त्यामुळे नाही म्हणायला सबब उरली नव्हती. हे म्हणाले, "चौपाटी हाकेवर आहे. चार कॅन पाणी आणले की झाले!" पण शहराच्या किनाऱ्याचे पाणी सांडपाण्याने गढुळलेले, ते माशांच्या कामाचे नाही. स्वयंपाकघरातले मीठ कालवूनही समुद्र होत नाही. समुद्राच्या क्षारांत साध्या मिठाचा वाटा सर्वांत मोठा असला, तरी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी बाकीची मंडळीही प्रमाणात लागतात. विलायतेतल्या फिलिप गॉस या निसर्ग-अभ्यासकाने १८५४ सालीच कृत्रिम समुद्रजलाची कृती प्रसिद्ध केली होती. आज तसे तयार मिश्रण दुकानात मिळते. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे आमच्या टाकीला सव्वापाच किलो. पाणी, वाळू, दगड आणि काच मिळून वजन दोनशे किलोच्या घरात गेले. तेव्हा वाचकहो, आधी भक्कम लोखंडी स्टँड, मग बाकीचे बेत!

पाडव्याला टाकी भरली. गाळलेले पाणी, क्षार, वाळू, सच्छिद्र दगड, पंप, दिवा, सारे जागच्या जागी. फक्त मासे नाहीत. आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. अथांग समुद्रात तो विरून जातो. बंद पेटीत तो साठतो आणि माशाचे कल्ले जाळतो. त्याची वासलात लावतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. हे नायट्रेट त्या मानाने सौम्य. अधूनमधून थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. पण हे जिवाणू वाळूत आणि दगडांच्या छिद्रांत वस्तीला यायला महिना-दीड महिना लागतो. मी हे सारे वाचून दाखवले, तेव्हा सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, "म्हणजे विरजण लागायला हवे!"

अगदी तसेच. ओळखीच्या एका जुन्या टाकीतली ओंजळभर वाळू आणून आम्ही विरजण लावले. जिवाणूंना खुराक म्हणून माशांच्या खाण्याची चिमूट रोज रिकाम्या पाण्यात पडू लागली. शेजारच्या काकू विचारत, "कुणाला घालता हो?" चिरंजीव गंभीरपणे सांगे, "पाण्याला!"

तिसऱ्या आठवड्यात त्याचा वाढदिवस आला. दुकानदाराने तोडगा सुचवला, "दोन-चार स्वस्तातले काटक मासे सोडून बघा. जगले तर जगले." त्या दिवशीच्या चाचणीत अमोनियाचा रंग गडद हिरवा आला होता. मुलाने मला विचारले, "जगले तरी त्यांना जळजळेल ना?" मी हो म्हटले. तो बराच वेळ टाकीकडे बघत बसला, आणि मग आपल्या वहीत त्याने आकडा लिहिला, "आज नको." रिकाम्या टाकीशेजारीच केक कापला. त्या संध्याकाळी मला तो एकदम मोठा वाटला.

अक्षयतृतीया उलटून गेल्यावर, सहाव्या आठवड्यात, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर उतरले. मग घरात विदूषक माशांची जोडी आली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. समुद्रातून पकडलेले नकोत, माणसाने पैदास केलेलेच हवेत, ही अट आम्ही धरून बसलो होतो. आपल्याकडे या माशांची पैदास होते, मग प्रवाळाच्या वस्त्या कशाला उजाडायच्या? प्रवाळाला आणि समुद्रघोड्यालाही २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा कुणी विकू लागला तरी हात लावू नये.

मे महिन्याच्या उकाड्यात पाणी तापू लागले, तेव्हा वर छोटा पंखा लावला. माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने टाकीही दोन अंशांनी निवली. मात्र वाफ होते ती पाण्याची, क्षार आत राहतात. म्हणून रोजची घट गोड्या पाण्यानेच भरायची. ते काम सासूबाईंनी आपणहून घेतले. तुळशीला पाणी घातले की तांब्याभर गाळलेले पाणी टाकीला.

या माशांची एक मौज सांगते. सारे जन्मतः नर! जोडीतला थोरला पुढे मादी होतो, आणि मादी गेली की मागे राहिलेला नर तिची जागा घेतो. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "म्हणजे घराचा कारभार तिथेही बायकांकडेच!"

नीट निगा राखली तर हे मासे दहा वर्षांहून अधिक जगतात. आमचा मुलगा तोवर कॉलेज संपवून कदाचित परगावी असेल. तेव्हा पाणी कोण बदलणार, हे आम्ही मासे आणण्याआधीच ठरवून ठेवले आहे. टाकी घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक घराने ही बोलणी आधी उरकावीत. काच, पंप आणि दिवा त्यानंतर.