नांगर सुटलेली प्रथिने

पेशीपटल शिकवताना आपण फळ्यावर मेदाचा दुहेरी थर काढतो आणि त्यात आरपार रोवलेली प्रथिने दाखवतो. सगळीच प्रथिने अशी नसतात. आपल्या शरीरातील शंभराहून अधिक प्रथिने पेशीच्या बाहेरच राहतात. साखर व मेद यांचा बनलेला ‘जीपीआय’ नावाचा दुवा त्यांना पटलाशी बांधून ठेवतो. नाथसागरात नांगर टाकून उभी असलेली होडी डोळ्यांपुढे आणा : होडी वर, नांगर चिखलात.

हा नांगर घडवण्याची पहिली पायरी ‘पिग-ए’ या प्रथिनावाचून होत नाही. त्याचे जनुक जपानमधील किनोशिता यांच्या गटाने १९९३ साली ओळखले. अस्थिमज्जेतील एखाद्या मूळ पेशीत हे जनुक बिघडले, की तिच्यापासून होणाऱ्या तांबड्या पेशींवर सीडी५५ आणि सीडी५९ ही रक्षक प्रथिने टिकत नाहीत. मग शरीराचीच ‘पूरक’ प्रथिने त्या पेशी फोडतात. सकाळची लघवी काळपट लाल होते, रक्तक्षय होतो. यकृताच्या शिरेत गुठळी झाली तर जिवावर बेतते. या रोगाचे नाव पीएनएच. तो आईवडिलांकडून येत नाही.

निदानासाठी पिग-ए शोधणारे प्रतिद्रव्य वापरावे, असे कोणालाही वाटेल. पण पिग-ए पेशीच्या आत असते, शिवाय ते हजर असूनही निकामी असू शकते. म्हणून चमकणारा रंग जोडलेली प्रतिद्रव्ये सीडी५९ सारख्या बाहेरच्या प्रथिनांवर सोडतात. पेशी एकामागून एक लेसरसमोरून जातात. ज्या चमकत नाहीत, त्यांचा नांगर नसावा. ‘नसावा’ असेच म्हणायचे, कारण एकटे सीडी५९ नसणे हा वेगळा, जन्मजात दोष असू शकतो. दोन प्रथिने एकदमच गायब असली, तरच संशय नांगरावर जातो.

अनुपस्थितीवरून निष्कर्ष काढण्याची परंपरा मुंबईत जुनी आहे. डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट हीदेखील एका न सापडणाऱ्या प्रतिजनाचीच गोष्ट. त्याच परळमधल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये पीएनएचच्या चाचण्यांचे गुण आणि मर्यादा तपासल्या.

आम्हांला यातली एक मर्यादा विशेष महत्त्वाची वाटते. छत्रपती संभाजीनगरातल्या रुग्णाला रक्त चढवले आणि मग नमुना मुंबईला धाडला, तर दात्याच्या निरोगी तांबड्या पेशी त्यात मिसळलेल्या असतात आणि रोग आहे त्याहून सौम्य दिसतो. म्हणून पांढऱ्या पेशीही तपासतात. त्या मात्र लवकर खराब होतात, तेव्हा नमुना दोन दिवसांच्या आत यंत्रापर्यंत पोचायला हवा.