‘अल्पशा आजाराने’ म्हणजे नेमके कशाने?

आपल्या वस्तीच्या कोपऱ्यावर लागणारा श्रद्धांजलीचा फ्लेक्स डोळ्यांसमोर आणा. वर तथागत आणि बाबासाहेब, मध्ये गेलेल्या माणसाचा फोटो, खाली तारीख आणि एक ठरलेली ओळ : ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन.’ मी आरोग्य खात्यात ३२ वर्षे नोकरी केली. वस्तीत चार अक्षरे नीट लिहिणारा म्हणून असा मजकूर लिहून घ्यायला लोक माझ्याकडेच येतात. ती ओळ मी कितीदा लिहून दिली असेल, मोजलेले नाही. आता मात्र ती लिहिताना हात थांबतो. का थांबतो, ते सांगतो.

आम्ही १९८५ साली बी. ए. झालो. कॉलेज नागसेनवनातले मिलिंद. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत हे कॉलेज सुरू केले नसते, तर आमच्यातले बरेचजण गावात सालगडी म्हणून राहिले असते. आमचा काळ नामांतराच्या लढ्याचा. आमच्या पदव्यांवर नुसते ‘मराठवाडा विद्यापीठ’ छापलेले आहे. बाबासाहेबांचे नाव लागायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. त्या तुकडीला ४० वर्षे झाली म्हणून गेल्या वर्षी आम्ही पुन्हा जमलो.

पहिला तास मजेत गेला. कोणाला टक्कल, कोणाला चष्मा, कोणाचा गुडघा. मेसमधल्या पाणीदार डाळीची आठवण निघाली. एकाच शर्टावर दोघांनी दिलेल्या दोन मुलाखतींची गोष्ट निघाली. मग त्रिशरण पंचशील झाले आणि गेलेल्या मित्रांची नावे वाचायला घेतली.

फोटोत आम्ही ५४ जण आहोत. त्यातली ११ नावे वाचली गेली. प्रत्येक नावापुढे साल आणि तेच दोन शब्द : अल्पशा आजाराने. आम्ही दोन मिनिटे उभे राहिलो. खाली बसताना मागच्या रांगेतून एकीने विचारले, “पण ही माणसं गेली कशानं?”

सभागृह गप्प झाले. कॉलेजचे नाव ज्या मिलिंद राजावरून आहे, त्याची ओळखच मुळी प्रश्न विचारणारा राजा अशी आहे. भदन्त नागसेनांना त्याने विचारलेल्या प्रश्नांचाच तो ग्रंथ झाला. आणि आम्ही त्याच्या नावाच्या कॉलेजातले पदवीधर, ४० वर्षांत हा एक प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला नव्हता.

जे कोणी सांगत नव्हते

मग एकेकजण बोलू लागला. ज्याला जे माहीत होते, ते त्याने सांगितले.

आमचा कबड्डीचा कॅप्टन रात्रपाळीचा वॉचमन होता. पहाटे छातीत दाबल्यासारखे झाले, दरदरून घाम आला. त्याला वाटले गॅस झाला. ओवा खाल्ला, सोडा प्याला आणि उजाडण्याची वाट बघत बसला. तो हार्ट अटॅक होता.

आमच्या वर्गातली एक मुलगी तिच्या गावातली पहिली पदवीधर. पाळी बंद होऊन चार वर्षे झाल्यावर तिला पुन्हा अंगावर जाऊ लागले. ‘वयाचं असेल’ म्हणून तिने वर्षभर कोणाला सांगितले नाही. तपासणीत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला.

एकाला टीबी होता. मुलीचे लग्न ठरत होते म्हणून घरच्यांनी तो लपवला आणि औषधे मधेच थांबवली. एकजण तंबाखूने गेला. त्याच्या तोंडात दोन बोटे शिरत नव्हती, तरी पुडी सुटली नाही. दोघे दारूने गेले. त्यांचे नाव निघाले की आजही सगळे खाली बघतात.

आणि एक माझा रूम पार्टनर.

तो शिक्षक झाला. त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला मी गेलो, तेव्हा बीपीचे मशीन माझ्या पिशवीत होते. गंमत म्हणून पट्टा बांधला. १७० वर ११०. थोडे थांबून पुन्हा मोजले, तेवढेच. मी म्हणालो, “गड्या, गोळी चालू कर.” त्याने केली. महिनाभराने बरे वाटते म्हणून सोडली. हे मला खूप नंतर कळले, कारण मी विचारलेच नाही. आमचे फोन १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला. जय भीम घालायचा, मुलांची चौकशी करायची आणि ठेवायचा.

तीन वर्षांनी एका सकाळी त्याच्या हातातून चहाचा कप सुटला. तोंड वाकडे झाले. कोणी म्हणाले वारा लागला, तेल चोळा. तेल चोळण्यात दुपार गेली. दवाखान्यात पोचायला संध्याकाळ झाली. चौथ्या दिवशी तो गेला. वय ४९.

त्याच्या फ्लेक्सवरची ओळ मी लिहिली होती. अल्पशा आजाराने.

मेळाव्याला वहिनी आल्या होत्या, मुलगा सोबत होता. सगळे बोलून झाल्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊजी, आजार अल्प नव्हता. तीन वर्षं घरात होता. आम्हाला तो दिसत नव्हता. तुम्हाला दिसला होता.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला उत्तर देता आले नाही.

लेकरांना कळायला हवे

जेवणानंतर आमच्यातल्या एका निवृत्त सिस्टरने मशीन काढले. वहिनींच्या मुलाचे बीपी १४८ वर ९४ निघाले. पोरगा ३६ वर्षांचा, अंगाने सडपातळ. तो म्हणाला, “मागं डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कोणाला बीपी होतं का. मी म्हणालो, माहीत नाही. वडील अल्पशा आजारानं गेले.”

मला या लेखात सांगायचे आहे ते एवढेच. बीपी, शुगर, हृदयाचा आजार, काही कॅन्सर हे पुष्कळदा एकाच घरात पुन्हा पुन्हा दिसतात. बाप कशाने गेला हे मुलाला माहीत नसेल, तर मुलगा तपासणीला उशिरा जातो. फ्लेक्सवर आजार छापा, असे मी म्हणत नाही. तो ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण घरातल्या घरात आजाराचे नाव घ्या. त्यात कमीपणा कसला? खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता, त्याचा त्यांना किती त्रास झाला हे त्यांच्या चरित्रांत लिहिलेले आहे. त्याने त्यांची उंची तसूभरही कमी झाली नाही.

पुढच्या गोष्टी कापून कपाटाच्या दाराला चिकटवा.

बीपी : ते दुखत नाही, म्हणून मोजल्याशिवाय कळत नाही. वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. गोळीने बीपी ताब्यात राहते. गोळी सोडली की पुन्हा चढते. ‘बरे वाटते’ म्हणजे बीपी ताब्यात आहे असे नाही, ते मोजूनच कळते. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा. त्यात पापड, लोणचे, सुकट, खारा बोंबील, फरसाण हे सगळे धरायचे.

शुगर : उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आली आणि दुसऱ्यांदाही तशीच आली, तर मधुमेह समजतात. १०० ते १२५ म्हणजे सावध होण्याची वेळ. पायाला जखम झाली आणि कळलीच नाही, तर त्याच दिवशी दाखवा.

छाती : मध्यभागी दाबल्यासारखे दुखणे, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, धाप. बायकांना आणि शुगरवाल्यांना कधीकधी नुसता थकवा किंवा मळमळ होते. ओवा-सोड्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.

लकवा : तोंड वाकडे, एक हात उचलत नाही, बोलणे अडखळते. यातले एक जरी दिसले तरी लगेच मोठा दवाखाना गाठा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन करावा लागतो. सुरुवात किती वाजता झाली ते लक्षात ठेवा. तेल चोळू नका, तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका.

खोकला : दोन आठवड्यांहून जास्त राहिला की थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषध फुकट आहे. साध्या टीबीचा कोर्स बहुधा सहा महिन्यांचा. तो पूर्ण केला तर माणूस बरा होतो. मधेच सोडला तर टीबी औषधाला दाद न देणारा होऊ शकतो.

तोंड : पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी पुडी कोपऱ्यावर मिळते. बंदी आपल्या उंबऱ्यापासून सुरू करावी लागते.

आया-बहिणींसाठी : पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, वास येणारे पांढरे पाणी, स्तनात गाठ. हे ‘वयाचं’ म्हणून सोडू नका. तिशीनंतर सरकारी केंद्रात बीपी, शुगर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी होते. आशाताई घरी माहिती भरून घ्यायला आल्या तर त्यांना परत पाठवू नका.

दारू : पाचवे शील आपण रोज म्हणतो. पण ज्याला दारूने धरले आहे तो आजारी माणूस आहे, त्याला टोमणे मारून दारू सुटत नाही. रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात घरच्या घरी तोडली तर थरथर, भ्रम, फिट असे होऊ शकते. म्हणून ती डॉक्टरांच्या मदतीने सोडवा.

मन : जवळचा माणूस गेल्यावर रडू येणारच. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगणे नकोसे वाटते असे होत असेल तर बोला. टेली मानसचा १४४१६ हा फोन फुकट आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते.

आम्ही काय ठरवले

मेळाव्याच्या शेवटी आम्ही शंभर पानी वही घेतली. फोटोतल्या ११ जणांच्या नावापुढे, घरच्यांची हरकत नसेल तिथे, खरे कारण लिहिले. टीबी लपवलेल्या मित्राच्या मुलीनेच म्हटले, “लिहा काका. निदान दुसऱ्या कोणी लपवू नये.” उरलेल्या प्रत्येकाने दोन मित्र वाटून घेतले. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या दोघांना फोन करायचा. जय भीम झाला की पुढचे दोन प्रश्न ठरलेले : बीपी-शुगर कधी मोजली? गोळी चालू आहे ना?

किसा गोतमीची गोष्ट आपण विहारात ऐकतो. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातली मोहरी तिला मिळाली नाही. मरण कोणाला चुकत नाही, हे तिला कळले. ते आपल्यालाही मान्य आहे. पण ४९ व्या वर्षी, घरात मशीन आणि गोळी दोन्ही असू शकत असताना आलेले मरण थोपवण्यासारखे होते. ते थोपवणे आपल्या हातात होते, आणि पुढच्याचे अजून आहे.

तुमच्याकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असेल, तेव्हा एक करून बघा. जेवणाच्या पंगतीआधी वस्तीतल्या आशाताईंना किंवा सिस्टरना मशीन घेऊन बोलवा. आलेल्या प्रत्येकाचे बीपी मोजून आकडा चिठ्ठीवर लिहून द्या. आणि गेलेला माणूस कशाने गेला, हे त्याच्या मुलांना, भावांना, बहिणींना बाजूला बसवून नीट सांगा.

माझ्या वाट्याच्या दोन फोनांत एक रूम पार्टनरच्या मुलाचा मी मागून घेतला. त्याची गोळी चालू झाली आहे. मागच्या रविवारी मी विसरलो, तर रात्री नऊला त्याचाच फोन आला. “काका, आज विचारलं नाही. घेतली गोळी. तुमचं बीपी किती आहे?”

मी उठून मशीन काढले.